एका दिवसाची भूक किती रुपयांची?

भंडारा जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पोटात उतरलं, की मजुरीचा एक निराळाच हिशेब चाललेला दिसतो. पाणी आटून तुडूमाजवळच्या, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाजवळच्या, कोपऱ्यात गेलेलं असतं. पाळीवरच्या सावलीत घमेली उपडी टाकून बायका घोटभर पाणी पीत असतात. खाली गाळ उपसलेल्या जागेत मधेच मातीचा एखादा खुंट मुद्दाम तसाच ठेवलेला असतो. रोजगार हमीच्या कामावरची ही ओळखीची खूण. खुंटाची उंची मोजायची, खड्ड्याची लांबी-रुंदी मोजायची आणि गुणाकार करायचा, म्हणजे किती घनमीटर माती निघाली ते कळतं. माती मऊ होती की मुरूम लागला, डोक्यावरून ती किती लांब नेली, किती उंच चढवली, त्याप्रमाणे दर बदलतो. निघालेली रक्कम हजेरीपटावरच्या माणसांत वाटली, की प्रत्येकाचा रोज ठरतो.

इतकं सगळं मोजणाऱ्या या हिशेबाच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे, आणि तो कामावर कोणी उच्चारत नाही. माणसाला एक दिवस जगायला किती लागतं? गेली दीडशे वर्षं सरकारात कोणी ना कोणी कागद पुढे ओढून या प्रश्नाचं उत्तर आकड्यात लिहिलं आहे. थक्क करणारी गोष्ट पुढची. दर वेळी सरकारबाहेरचं कोणीतरी, एखादी सभा, एखादी गावातली संस्था, एखादा डॉक्टर, तोच कागद उचलून तीच बेरीज पुन्हा करून बघतो. आणि कधी कधी बेरीज चुकलेली निघते, धोरण बदलतं.

सुरुवात १८७७ पासून करू. दख्खन आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ होता. जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांना हिंदुस्थान सरकारने खास प्रतिनिधी म्हणून पाठवलं. हे टेंपल भंडाऱ्याला परके नव्हते. १८६२ ते १८६७ ते मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते आणि भंडारा जिल्हा त्यांच्याच अमलाखाली होता. मालगुजारांना गावाची मालकी बहाल करणारी जमाबंदीही त्याच दशकातली. १८७४ च्या बंगाल-बिहारच्या दुष्काळात त्यांनीच ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून सढळ हाताने वाटला होता. माणसं वाचली, पण साहेबांवर उधळपट्टीचा ठपका आला. तो धुऊन काढायची संधी त्यांना १८७७ ने दिली. दुष्काळी कामावर राबणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोकड पुरे, असं त्यांनी ठरवलं. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची.

पुण्याची सार्वजनिक सभा तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती. २ एप्रिल १८७० ला स्थापन झालेली, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका तिचे प्राण. पुढे न्यायमूर्ती रानडे यांची बुद्धी तिला मिळाली. सभेजवळ पैसा नव्हता, सत्ता तर नव्हतीच. तिने दुष्काळी जिल्ह्यांत आपली माणसं पाठवली आणि माहिती गोळा केली. पीक किती बुडालं, बाजारात धान्याचा भाव काय, कामावर किती आले, किती गाव सोडून गेले, याचे तपशील जमवून ती मुंबई सरकारला पत्रांमागून पत्रं लिहीत राहिली. मजुरी कापल्यावर मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली, तेव्हा त्यांच्या बाजूने लेखी कैफियत मांडायला हीच सभा पुढे झाली. कामावर न येणारे आळशी आहेत, हे सरकारचं म्हणणं. दिलेल्या धान्यात राबणारं शरीर टिकत नाही, हे सभेचं. तिकडे मद्रासेत आरोग्य खात्याचे प्रमुख डॉ. कॉर्निश हेच वैद्यकीय पुराव्याने सांगत होते, आणि १८७७ मध्येच मद्रास सरकारला मजुरी वाढवावी लागली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाने मजुरी धान्याच्या भावाशी बांधावी, ती पोट भरेल इतकी असावी, असं तत्त्व म्हणून मांडलं, आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली. हे सगळं श्रेय एकट्या पुण्याच्या सभेला देणं अतिशयोक्ती होईल. पण आकडे हातात घेऊन सरकारशी भांडायचा मराठी माणसाचा पहिला मोठा सराव तोच, असं मला वाटतं.

त्याच सुमारास, १८७६ मध्ये, मुंबईत दादाभाई नौरोजी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा आपला निबंध वाचत होते. माणसाला जगायला किती लागतं हे कसं काढायचं, हा पेच त्यांच्यापुढेही होता. सरकारी आकडेच पाहिजेत, नाहीतर सरकार मानणार नाही. मग त्यांनी जो आकडा उचलला तो थेट तुरुंगातला. कैद्याला जगवायला सरकार किती खर्च करतं? त्यावरून त्यांनी काढलेली जगण्याची गरज माणशी वार्षिक सोळा ते पस्तीस रुपयांची. आणि देशाचं माणशी उत्पन्न? त्यांच्या हिशेबाने वीस रुपये. म्हणजे बऱ्याच ठिकाणी मोकळ्या माणसापेक्षा गुन्हेगाराचं पोट जास्त भरलेलं. सरकारच्याच वहीतून काढलेली ही बेरीज सरकारला नाकारता येईना. दारिद्र्यरेषा हा शब्द जन्मायला अजून कितीतरी दशकं होती, पण रेषा तुरुंगाच्या भटारखान्यात आखून झाली होती.

स्वातंत्र्यानंतर हिशेब सुधारला, बारीक झाला. १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचं सूत्र ठरवलं. कमावणारा पुरुष एक, बायको शून्य पूर्णांक आठ, दोन मुलं प्रत्येकी शून्य पूर्णांक सहा. बेरीज बरोब्बर तीन. प्रत्येक एककामागे २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, थोडं घरभाडं, आणि सरपण-दिवाबत्ती वगैरेंसाठी वीस टक्के. भंडाऱ्याच्या बांधीत श्रावणात गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईला शून्य पूर्णांक आठ कोणत्या हिशेबाने म्हणायचं, हे मला आजवर उमगलेलं नाही. परिषदेतल्या कोणी रोवणी केली असती तर कदाचित आकडा वेगळा आला असता.

आता महाराष्ट्राची खरी कमाल. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, हा प्रयोग त्यांनी १९६५ मध्ये आपल्या गावाकडे करून पाहिला. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. मिलो आणि सुकडी ज्यांनी खाल्ली ती पिढी अजून आपल्यात आहे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर मदतकामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. कामगार संघटना, भूमिहीनांच्या चळवळी, डावे पक्ष आणि स्वयंसेवी मंडळं रस्त्यावर होती. दुष्काळ सरला तरी कामाची मागणी सरली नाही. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणं हा हक्क झाला. या हमीच्या खर्चासाठी त्याआधीच, १९७५ मध्ये, व्यवसाय कर आला होता. पुण्या-मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात आजही महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात, ते हेच. खेड्यातल्या मजुरीचा वाटा शहरातल्या पगारातून काढणारी ही योजना ज्यांच्या खिशातून चालली, त्यांतल्या बहुतेकांना तिचा पत्ताच नाही.

पण काम मिळालं म्हणजे पोट भरलं असं नाही. रोजाचा दर शेतमजुरांच्या किमान वेतनाशी बांधलेला होता, आणि ते वेतन किती असावं हे सांगायला नेमलेल्या समितीचे अध्यक्षही पागेच. ज्यांनी कामाचा हक्क दिला त्यांच्याच समितीच्या हिशेबावर मजुरीचा दर उभा होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो दिवसाला चार रुपये होता.

वर्ध्याजवळ कान्हापूर नावाचं गाव आहे. तिथे अभय बंग हे तरुण डॉक्टर शेतमजुरांबरोबर काम करत होते. डॉक्टरने मजुराला काय द्यायचं? गोळ्या, सलाईन, सल्ला. बंगांना दिसत होतं की रोगाच्या मुळाशी रिकामं पोट आहे आणि पोटाच्या मुळाशी चार रुपये. त्यांनी समितीचा अहवाल मिळवला आणि एखाद्या तपासनिसासारखा ओळीओळीने वाचला. हिशेब अन्नाच्या गरजेवर उभा होता, आणि अन्नाची गरज हा तर डॉक्टरचा विषय. कुदळ मारणाऱ्या शरीराला किती उष्मांक लागतात, कुटुंबात तोंडं किती, धान्याचा भाव काय, हे सगळं नव्याने मांडल्यावर उत्तर चार रुपये येईना. ते बारा रुपये आलं. १९८१ मध्ये हैदराबादच्या गांधीविचार अभ्यासाच्या संस्थेने ही टीका पुस्तिकेच्या रूपात छापली. पुढे महाराष्ट्र सरकारने शेतमजुरांचं किमान वेतन बारा रुपयांवर नेलं.

तिप्पट! मोर्चे निघाले, संघटनांनी रेटा लावला, हे खरंच. पण मोर्चाला निवेदन घेऊन वाटेला लावता येतं. आपल्याच समितीची आकडेमोड चुकलेली दिसली, की खात्याला उत्तर द्यावं लागतं. संस्थांनी धोरणावर प्रभाव कसा पाडावा यावर ढीगभर कार्यशाळा होतात. मला विचाराल तर ही एक पुस्तिका त्या सगळ्यांना पुरून उरेल.

असाच तिढा तिकडे राजस्थानातही सुटला. तिलोनियाच्या समाजकार्य केंद्राचे संजित रॉय यांनी दुष्काळी रस्त्याच्या कामावरची मजुरी सर्वोच्च न्यायालयात नेली. तिथे वीस-वीस मजुरांची टोळी करून टोळीचं काम मोजायचे आणि रक्कम सर्वांत वाटायचे. भंडाऱ्याच्या तलावातल्या खुंटाचीच ही पद्धत. टोळीत कोणी म्हातारं, कोणी आजारी, जमीन कठीण, की रोज किमान वेतनाच्याही खाली. १९८३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं ही राज्यघटनेच्या कलम २३ ने मनाई केलेली वेठबिगारीच आहे, मग वर दुष्काळ निवारणाचं नाव का असेना. पुढे त्याच राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये हजेरीपट भर गावात मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचललेली निघाली. माहितीच्या अधिकाराचं बळ आणि सामाजिक अंकेक्षण ही दोन्ही या वाचनातून आली.

महाराष्ट्राची हमी आणि राजस्थानचं वाचन एकत्र आलं तेव्हा २००५ चा राष्ट्रीय कायदा झाला. २ फेब्रुवारी २००६ ला तो देशातल्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांत लागू झाला. महाराष्ट्रातले बारा जिल्हे त्यात होते, आणि त्या बारांत भंडारा होता. शेजारचे गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीही होते. धानाच्या या मुलखात रोवणीच्या दिवसांत दुप्पट रोज देऊनही माणूस मिळत नाही, आणि कापणी-मळणी आटोपली की हात मोकळे. मग कोणी नागपूरच्या बांधकामांवर, कोणी तेलंगणात मिरची तोडायला. उन्हाळ्यात थोडा तेंदूपत्ता. त्या रिकाम्या महिन्यांत गावातलाच मामा तलाव, पांदण किंवा बोडी काम देऊ लागली. तासगावातला प्रयोग, वर्ध्यातली पुस्तिका आणि राजस्थानातला खटला, तिन्ही अशी पवनी-लाखांदूरच्या पाळीवर येऊन पोहोचली.

मोजणीची ताकद मजुरीपुरतीच नाही. महाराष्ट्रातल्या तेरा संस्थांनी आपापल्या कार्यक्षेत्रातल्या गावांत जन्मलेली आणि दगावलेली मुलं स्वतः मोजली. सरकारी नोंदीत त्यांतल्या बऱ्याच मृत्यूंचा मागमूस नव्हता. ‘कोवळी पानगळ’ या नावाने २००१ मध्ये तो अहवाल आला, आणि सरकारला बालमृत्यूंचा छडा लावायला समिती नेमावी लागली. तिचे अध्यक्ष पुन्हा अभय बंग. तोवर गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवून नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करून दाखवले होते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते प्रसिद्ध केलं, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने तीच पद्धत आशा कार्यकर्तींच्या कामात घातली. आज बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचं वजन करणारी आशाताई त्या ३९ गावांची वारसदार आहे.

तरीही या सगळ्या बेरजांमध्ये एक मोठं भोक आहे, आणि ते पाहायला भंडारा-गोंदियाइतकी चांगली जागा नाही. उष्मांकांचा हिशेब विकत घ्यायच्या धान्यावर चालतो. मामा तलावातून मिळणारे मासे, शिंगाडे, कमळकाकडी, काठावरची भाजी यांचा त्यात रकानाच नाही. हे तलाव कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधले. पूर्व विदर्भात ते सहा हजारांहून जास्त आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि ते सरकारचे झाले. सरकारने त्यांत सिंचनाचं पाणी पाहिलं, नंतर उपसायचा गाळ पाहिला. ढिवरांनी, म्हणजे इथल्या मच्छीमार समाजाने, मात्र त्यांत मासे पाहिले. कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीत अंडी घालतो, कोणती वनस्पती गेली की कोणता मासा दिसेनासा होतो, हे ज्ञान त्यांच्या तोंडी होतं. कोणत्याही खात्याच्या फायलीत ते नव्हतं.

अर्जुनी मोरगावच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने हे काम हाती घेतलं. अर्जुनी मोरगाव १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेलं, नावातला भंडारा मात्र तसाच राहिला. मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबत्यांनी ढिवरांबरोबर बसून माशांच्या आणि वनस्पतींच्या याद्या केल्या. मच्छीमार सहकारी संस्थांना बरोबर घेऊन तलावातलं बेशरम नावाचं तण उपटलं आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे परतले. गाव ज्याला गवत-शेवाळ म्हणून उपटून फेकत होतं, ते माशांचं माहेर होतं.

इथे माझं एक स्पष्ट मत आहे. तलाव खोल केला की किती घनमीटर माती निघाली हे लिहिलं जातं, त्यासाठी यंत्रं लागली की आकडा आणखी मोठा होतो, आणि अहवाल चकाचक दिसतो. तळ सरसकट खरवडला गेल्यावर ढिवराच्या घरातले किती मासे कमी झाले, हे कोणी लिहीत नाही. दारिद्र्य निवारणाच्या एका कामाने दुसऱ्या गरिबाचं ताट रिकामं होत असेल आणि तरी सरकारी वहीत फायदाच दिसत असेल, तर वही अपुरी आहे. तिच्यात माशांचा रकाना घालायचा असेल तर कोणीतरी वर्षानुवर्षं, तलावामागून तलाव, किलोमध्ये आणि रुपयांमध्ये मासे मोजून दाखवायला हवेत. खात्याला पटेल अशा एककात. सार्वजनिक सभेला तरी दुसरा कुठला मार्ग होता?

बऱ्याच संस्था नेमक्या इथेच कमी पडतात. शिलाई यंत्रं वाटली, शिबिरं घेतली, फोटो काढले, देणगीदाराला गुळगुळीत कागदावर वार्षिक अहवाल पाठवला. वाईट काहीच नाही त्यात, गरजूला आधार मिळतो. पण त्या अहवालात वाटलेल्या वस्तू मोजलेल्या असतात. न मिळालेली मजुरी, उशिरा आलेली मजुरी, एकराच्या बोलीवर केलेल्या रोवणीत पडलेला खरा रोज, हे कोणी मोजलेलं नसतं. धोरण बदलायचं तर हाच माल लागतो, आणि तो फक्त गावात राहणाऱ्या संस्थेलाच मिळतो. मंत्रालयाला तो मिळत नाही, विद्यापीठाला क्वचित मिळतो.

आणि दर वाढला तरी काम संपत नाही, हेही खरं. बारा रुपयांचा दर कागदावर आला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणाच्या हातात बारा रुपये पडले नाहीत. जिथे संघटना होती, हिशेब विचारणारी माणसं होती, तिथे ते लवकर पडले, बाकी ठिकाणी उशिरा किंवा पडलेच नाहीत. मुंबईत ठरलेला आकडा साकोलीच्या बांधीपर्यंत आपल्या पायांनी चालत येत नाही.

म्हणून भंडाऱ्यात वा कुठेही गावातल्या बचत गटाला, युवक मंडळाला, मच्छीमार संस्थेला एवढंच सांगावंसं वाटतं, की तुमच्या गावच्या एखाद्या सरकारी कामाचा हजेरीपट आणि मोजमाप पुस्तिका एकदा मागून बघा आणि तलावातल्या खड्ड्याशी, घरातल्या धान्याशी, हातात पडलेल्या पैशांशी ताडून बघा. माहितीच्या अधिकारात ती कागदपत्रं तीस दिवसांत द्यावी लागतात. महाराष्ट्रात अर्जाची फी दहा रुपये आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही माफ आहे.